एकाच डब्यातले हाली आणि कलदार: कळंकलेल्या एकतीस चांदीच्या रुपयांचे प्रकरण

लातूर जिल्ह्यातील औसा तालुक्यात माझ्या सासरचे मूळ गाव आहे. २९ सप्टेंबर १९९३ रोजी गावात गणपतीचे विसर्जन झाले आणि रात्र सरता सरता, पहाटे चारच्या सुमारास, किल्लारीचा भूकंप झाला. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीचे माळवद असलेले आमचे घर त्यात बसले आणि त्याच ढिगाऱ्यात माझे आजेसासरे गेले. नंतरच्या पावसाने ढिगारा भिजत राहिला. आठ-दहा दिवसांनी सामान उपसताना देवघराच्या कोनाड्याखाली आजेसासूबाईंचा पितळी डबा सापडला. त्याचे झाकण चेपून एका बाजूने उचकटले होते आणि आत चिखल शिरला होता. लक्ष्मीपूजनाला मांडायचे चांदीचे रुपये त्यात होते. घाईत कोणीतरी ते चिखलासकट प्लास्टिकच्या पिशवीत ओतले, सुटे हाताला लागलेले पाच रुपये रबर लावून वेगळे बांधले, पिशवीच्या तोंडाला गाठ मारली आणि ती पत्र्याच्या पेटीच्या तळाशी ठेवून दिली. पुनर्वसनात मिळालेल्या घरात ती पेटी एकतीस वर्षे होती, पण आजेसासूबाई असेपर्यंत पिशवीची गाठ कोणी सोडली नाही आणि त्या गेल्यावरही कोणाचा हात तिकडे वळला नाही.

२०२४ च्या दिवाळीआधी माझ्या चुलत सासूबाईंनी, म्हणजे काकूंनी, ती गाठ सोडली. आत एकतीस रुपये निघाले. भाऊजींनी त्यांतले चार त्याच दुपारी लिंबू आणि भांडी घासायची पावडर घेऊन लख्ख केले. पाचवा हातात घेतला तेव्हा काकूंनी त्यांना थांबवले. "कामून घासायलास रे एवढं? रुपयावरचं अक्षर जाईल की," असे त्या म्हणाल्या. मी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते, म्हणून उरलेले सत्तावीस आणि घासलेले चार असे सगळे रुपये भाऊजी माझ्याकडे लातूरला घेऊन आले. "वहिनी, तुम्ही ह्याच्यातल्या आहात, बघा काय होतंय का," एवढेच त्यांनी सांगितले. पुढे वर्षभर त्या रुपयांवर मी काय केले, काय मुद्दाम केले नाही आणि कुठे चुकले, त्याची ही नोंद आहे.

पहिल्या दिवशी रुपये जुन्या पांढऱ्या सुती चादरीवर पसरले तेव्हा एक गोष्ट लगेच नजरेत भरली. एकाच डब्यात, एकाच चिखलात आणि एकाच पिशवीत तितकीच वर्षे राहिलेले हे रुपये दोन वेगवेगळ्या रंगांचे झाले होते. काहींवर हिरवे पुटकुळे उठले होते, तर काही काळे पडले होते, आणि हा फरक जवळजवळ पूर्णपणे छापानुसार होता. चारमिनारचे रुपये हिरवे होते आणि राजाराणीच्या मुखवट्याचे रुपये काळे होते. मराठवाडा निजामाच्या राज्यात असल्यामुळे आमच्याकडच्या जुन्या डब्यांत दोन्ही सापडतात. हैदराबादचा तो हाली सिक्का आणि इंग्रजांचा तो कलदार, हे शब्द काकूंच्या पिढीला अजून सहज येतात. "सात हालीचे सहा कलदार" हा दरही काकूंना तोंडपाठ होता, कारण तो त्यांनी आपल्या सासऱ्यांकडून ऐकला होता.

हा दर आणि तो हिरवा रंग यांचे मूळ एकच आहे. चारमिनारच्या रुपयाचे प्रमाण वजन सुमारे ११.१८ ग्रॅम असते आणि त्यात हजारी ८१८ भाग चांदी असते. १९३९ पर्यंतच्या कलदाराचे वजन ११.६६ ग्रॅम असते आणि त्यात बारा भागांपैकी अकरा भाग, म्हणजे हजारी सुमारे ९१७ भाग चांदी असते. म्हणजे हालीत शुद्ध चांदी साधारण ९.१४ ग्रॅम आणि कलदारात १०.६९ ग्रॅम भरते. या दोन आकड्यांचा भागाकार केला की तो सातास सहा या प्रमाणाच्या अगदी जवळ येतो. उरलेला भाग दोन्हींत मुख्यतः तांब्याचा असतो. कलदारात तांबे एक ग्रॅमही भरत नाही, हालीत मात्र ते दोन ग्रॅमच्या वर जाते. ओल आणि क्षार मिळाले की चांदीच्या आधी तांबे खाल्ले जाते, पृष्ठभागावर येते आणि हिरवे होऊन बसते. हाली हिरवा झाला तो वाईट ठेवल्यामुळे जितका, तितकाच त्याच्या घडणीमुळे. त्यामुळे सगळ्या रुपयांवर एकच उपाय करणे चुकीचे ठरले असते, आणि घरोघरी नेमके तेच होते.

छापांची मोजणी अशी निघाली: हाली सोळा, जुने कलदार बारा आणि सहाव्या जॉर्जचे १९४० नंतरचे तीन. या शेवटच्या तिघांना मी कलदारात धरले नाही, कारण १९४० पासून त्या रुपयात चांदी निम्मीच उरली आणि बाकी ४० टक्के तांबे, ५ टक्के निकेल आणि ५ टक्के जस्त आले. दिसायला ते कलदारच आहेत, पण त्यांचा कळंक हालीपेक्षाही हिरवा होता. हाली सगळे शेवटचे निजाम उस्मान अली खान यांच्या काळातले होते. चारमिनारच्या मधल्या कमानीत त्यांच्या नावाचे पहिले अक्षर ऐन असते, तर त्यांच्या वडिलांच्या, महबूब अली खानांच्या रुपयावर त्याच जागी मीम असते. भिंगातून ते अक्षर दिसते की नाही, हीच मी पुढे प्रत्येक हालीची कसोटी केली. कमानीतला ऐन जितक्या स्पष्टपणे वाचता येईल तितके पुरे, त्यापुढे स्वच्छता नको, असे ठरवून टाकले.

भाऊजींनी घासलेल्या चार रुपयांकडे आता वळते, कारण त्यांनीच मला सगळ्यात जास्त शिकवले. त्यांत दोन हाली होते आणि दोन कलदार. लांबून ते चारही नवे वाटत होते. दहापट भिंगाखाली मात्र त्यांच्यावर गोल गोल फिरलेल्या बारीक चऱ्यांचे जाळे होते, जसे स्टीलच्या ताटावर काथ्याने घासल्यावर उन्हात दिसते तसे. हालींच्या उंच भागांवर, म्हणजे मिनारांच्या टोकांवर, पांढरी चकाकी होती आणि खोलगट भागांत हिरवा कळंक जसाच्या तसा दबलेला होता, कारण पावडर उंचवटे खाते आणि खळगे सोडून देते. दोन कलदारांपैकी एक १९११ सालचा होता. पाचव्या जॉर्जच्या त्या पहिल्या रुपयावर राजाच्या मानमालेतला हत्ती इतका आखूड सोंडेचा उमटला होता की लोकांना तो डुक्कर वाटला. त्यावरून गदारोळ झाला, बहुतेक नाणी परत वितळवली गेली आणि १९१२ पासून तो हत्ती नव्याने कोरला गेला. आमच्या रुपयावरचे साल वाचता येते, पण ज्या हत्तीसाठी तो ओळखला जातो तो आता एक गुळगुळीत उंचवटा राहिला आहे. भाऊजींना हे सांगताना मला जड गेले. त्यांनी आजीची वस्तू उजळावी म्हणूनच घासली होती. ज्या घरात चांदीची समई दरवर्षी दिवाळीला घासून ठेवतात, त्या घरात रुपया घासू नये हे कोणाला सुचणार? समईची शोभा चकाकीत असते, पण नाण्यावर जे काही आहे ते केसाइतक्या उंचीच्या उठावात असते, आणि एकदा गेलेला उठाव परत आणता येत नाही. संग्राहकही घासलेल्या नाण्याची किंमत याच कारणाने कमी करतात.

उरलेले सत्तावीस रुपये मी आधी नुसते तोलले. ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा काटा माझ्याकडे होता. प्रत्येक रुपयाला एक क्रमांक देऊन तो लहान कागदी पाकिटावर पेन्सिलीने लिहिला, दोन्ही बाजूंचे फोटो घेतले, आणि मगच पाण्याचा विचार केला.

पाण्याचा विचार हा आपल्याकडे खरोखर वेगळा करावा लागतो. लातूर भागातल्या बोअरचे पाणी जड असते. स्टीलच्या तांब्यावर ते चार दिवसांत पांढरा थर धरते. अशा पाण्यात कळंकलेले नाणे भिजत घालणे म्हणजे क्षार काढण्याऐवजी आणखी क्षार भरणे होय. म्हणून वाहनांच्या बॅटरीत टाकायचे शुद्ध केलेले पाणी, ज्याला सगळे बॅटरीचे पाणी म्हणतात, त्याचे पाच लिटरचे कॅन आणले. इथे एक खबरदारी सांगितलीच पाहिजे. बॅटरीचे पाणी आणि बॅटरीचे ॲसिड ही एकाच दुकानात, एकसारख्याच कॅनमध्ये मिळतात. तेव्हा लेबल वाचल्याशिवाय झाकण उघडू नये. पाण्याची शुद्धता मी घरच्या पाणी शुद्ध करायच्या यंत्राबरोबर मिळालेल्या टीडीएस मीटरने, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणाऱ्या मीटरने, तपासली. कॅनमधल्या पाण्याला मीटर ३ दाखवत होता आणि आमच्या नळाला त्या दिवशी ६४०.

सत्तावीस रुपये काचेच्या तीन बरण्यांत, एकमेकांना न टेकता, पातळ सुती कापडाच्या थरांवर मांडून भिजत ठेवले. दुसऱ्या दिवशी सकाळी हालींच्या बरणीतल्या पाण्याचा आकडा ११८ झाला होता. पाणी ओतून नवे भरले, तर तिसऱ्या दिवशी ७०, मग ४३, असा तो उतरत गेला. हे क्षार कुठून आले, याचे उत्तर आमच्या गावाच्या मातीत आहे. जुन्या गावठाणाची माती ही शेतातली काळी माती नसते, ती पांढरी असते. शेकडो वर्षांची चुलीची राख, गोठ्यातला मूत, सांडपाणी, खरकटे हे सगळे मुरून ती खारट झालेली असते. भिंती त्याच मातीच्या, माळवद त्याच मातीचे, आणि डब्यात शिरलेला चिखलही त्याच मातीचा होता. बरणीतल्या पाण्याचे चार थेंब महाविद्यालयात नेऊन त्यात सिल्व्हर नायट्रेट टाकले, तेव्हा लगेच पांढरट गढूळपणा आला, म्हणजे पाण्यात क्लोराइड होते. ही चाचणी घरी करायची गरज नाही, मीटरचा आकडा पुरतो. तेरा दिवस रोज पाणी बदलल्यावर तिन्ही बरण्यांचा आकडा चोवीस तासांनंतरही दहाच्या आत राहू लागला, आणि तेव्हाच मी रुपये बाहेर काढले. हे तेरा दिवस वाया गेले असे भाऊजींना वाटत होते, कारण रुपये दिसायला तसेच होते. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातले सर्वांत मोलाचे काम त्या तेरा दिवसांतच झाले.

भिजवण्याने आणखी एक गोष्ट साधली. हालींच्या दोन जोड्या एकमेकांना घट्ट चिकटून आल्या होत्या. पात्याच्या टोकाने त्या उकलाव्यात असा मोह मला झाला होता, पण मी हात लावला नाही. नवव्या दिवशी पाणी बदलताना त्यांतली एक जोडी बोटांच्या हलक्या धक्क्याने आपोआप सुटली. एका रुपयाच्या चारमिनारवर दुसऱ्या रुपयाच्या मागच्या बाजूची फारसी अक्षरे हिरव्या रंगात उलटी उमटली होती; आरसा धरला तर त्यांतला जर्ब, म्हणजे नाणे पाडणे, हा शब्द वाचता येत होता. ती खूण मी पुसली नाही. दुसरी जोडी अजूनही सुटलेली नाही आणि ती सोडवण्याचा माझा विचारही नाही.

वाळवताना रुपये पुसले नाहीत, मऊ सुती कापडावर ठेवून वरून कापड दाबले आणि मग डिसेंबरच्या कोरड्या उन्हात तासभर ठेवले. माती ओली असतानाच बरीच निघून गेली होती. अक्षरांच्या कोपऱ्यांत अडकलेली माती काढायला सुई किंवा ब्लेड चालत नाही, कारण पोलाद चांदीपेक्षा कठीण असते. मी बाभळीचे काटे वापरले. बाभळीचा वाळलेला काटा टोकदार असतो, पण धातूवर ओरखडा न काढता स्वतःच झिजतो. भिंगाखाली रुपया ठेवून, काटा आडवा धरून, मातीचा कण बाजूने उचलायचा असतो. एका रुपयाला अर्धा तास लागे आणि चार-पाच काटे संपत. गावाकडून काकूंनी काट्यांची एक डहाळीच पाठवून दिली होती.

आता काळ्या रुपयांचे सांगते. दहा कलदारांपैकी आठ काळे होते. चांदीचा काळेपणा हा हवेतल्या किंवा जवळच्या वस्तूतल्या गंधकामुळे येतो. वरचा थर चांदी आणि गंधक यांचा बनलेला असतो, म्हणजे त्यातली चांदी नाण्याचीच असते. तो थर घासून काढला की ती चांदी जाते. त्यापेक्षा गंधक सोडवून चांदी जागेवर ठेवणे बरे, आणि त्यासाठी घरातली एक जुनी रीत उपयोगी पडते. काचेच्या भांड्याच्या तळाला अन्न गुंडाळायचा ॲल्युमिनियमचा कागद पसरायचा, रुपया त्याला टेकेल असा ठेवायचा आणि अर्धा लिटर कढत शुद्ध पाण्यात एक चमचा खायचा सोडा विरघळवून ते वर ओतायचे. ॲल्युमिनियम चांदीपेक्षा लवकर गंजणारा धातू असल्याने तो झिजतो आणि गंधकाशी बांधलेली चांदी मोकळी होते. नासक्या अंड्याचा वास येतो, तो त्या गंधकाचाच, म्हणून हे काम खिडकी उघडून करावे.

पण आठही रुपयांना ही रीत लावायची गरज नव्हती. त्यांतल्या तीन रुपयांचा काळा रंग एकसारखा, पातळ आणि घट्ट होता, कडेला किंचित निळसर झाक मारणारा. तसे काळवंडणे नाण्याला उलट राखते आणि ते जुनेपणाचे वैभव असते, असे माझे मत आहे. ते तीन मी केवळ धुऊन ठेवले. उरलेले पाच होते रबर लावून बांधलेले. इतक्या वर्षांत रबर वाळून कडक झाले होते आणि प्रत्येक रुपयावरून, राणी व्हिक्टोरियाच्या गालावरून आणि पाचव्या जॉर्जच्या दाढीवरून, चार मिलिमीटर रुंदीचा काळाकुट्ट पट्टा आडवा गेला होता. रबर टिकाऊ करताना त्यात गंधक घालतात, आणि तेच इतकी वर्षे चांदीत उतरत राहिले होते. ॲल्युमिनियमच्या पाण्यात एकेक रुपया दीड मिनिट ठेवला. पट्टा करडा झाला, मग फिका झाला. दुसऱ्यांदा दीड मिनिटाने तो जवळपास गेला. तिसऱ्यांदा बुडवला नाही. पट्ट्याच्या जागी आता चांदी किंचित निस्तेज दिसते, आणि ती तशीच राहणार, कारण मोकळी झालेली चांदी मूळच्या गुळगुळीत रूपात परत बसत नाही.

हिरव्यांचे काम याहून अवघड निघाले आणि माझी चूकही तिथेच झाली. गडद हिरवा, टणक थर हा मुख्यतः तांब्याचा कार्बोनेट असतो; सौम्य आम्लात तो विरघळतो. चिंच, लिंबू, ताक यांनी तांब्याचे भांडे उजळते ते याच गुणाने. पण चिंचेच्या कोळात किंवा लिंबाच्या रसात आम्ल किती आहे याचा अंदाज येत नाही आणि मीठ मिसळले तर नवे क्लोराइड आत जाते. म्हणून किराणा दुकानात मिळणारे लिंबूसत्व, म्हणजे सायट्रिक ॲसिड, ५ ग्रॅम घेऊन २०० मिलिलिटर शुद्ध पाण्यात विरघळवले. पहिला हाली त्यात तीन मिनिटे ठेवून काढला, काट्याने कडा सैल केल्या, पुन्हा दोन मिनिटे ठेवला. पाण्याला निळसर हिरवी झाक येत गेली आणि चारमिनारच्या कमानीत ऐन दिसू लागला. दुसरा आणि तिसराही छान निघाला.

चौथ्या रुपयाच्या वेळी प्लास्टिकचा चिमटा सापडेना, म्हणून मी घरातला स्टीलचा चिमटा घेतला आणि रुपया त्यानेच धरून त्याच पाण्यात बुडवून ठेवला. मिनिटाभरात चिमट्याच्या टोकांभोवती रुपयाच्या कडेला गुलाबी डाग उमटू लागला. वर्गात हा प्रयोग मी दरवर्षी शिकवते: आम्लातल्या विरघळलेल्या तांब्यात लोखंड बुडाले की लोखंड झिजते आणि तांबे बाहेर पडते, आणि चांदी जर लोखंडाला टेकलेली असेल तर ते तांबे चांदीवरही चढते. आमच्या ओळखीचे एक सोनार आम्लाच्या भांड्यात पितळी किंवा लाकडी चिमटाच वापरतात, हे मी पाहिलेले होते. माहीत असूनही हात घाईने स्टीलकडे गेला. तो गुलाबी डाग काढण्यासाठी आणखी तीव्र रसायन वापरावे लागले असते आणि त्याने खालची चांदीही खरबडली असती, म्हणून डाग तसाच ठेवला. क्रमांक १७ च्या पाकिटावर मी त्याची नोंद केली आहे. त्यानंतर प्रत्येक रुपयाला नवे पाणी केले, आणि स्टीलचा चिमटा त्या खोलीतूनच बाहेर ठेवला.

सहाव्या जॉर्जच्या तीन रुपयांना मी आम्ल लावले नाही. निम्मीच चांदी असलेल्या त्या धातूतून आणखी तांबे काढले असते तर पृष्ठभाग स्पंजासारखा झाला असता. एकावर एक थेंब टाकून पाहिला तेव्हा जागा लगेच मळकट तपकिरी झाली, तेवढ्यावर थांबले.

चार रुपये असे होते की ज्यांना मी धुण्यापलीकडे काहीही केले नाही: दोन कलदार आणि दोन हाली. ते डब्याच्या तळाशी, थेट चिखलात होते. त्यांच्यावर हिरवा नव्हे तर राखाडी, किंचित जांभळट, मेणासारखा थर होता. नखाने दाबला तर किंचित खूण उमटे. हा चांदीचा क्लोराइड असतो. तो विरघळवता येतो. फोटो धुणारे स्टुडिओ पूर्वी जो हायपो वापरत तो हेच काम करतो. पण त्या थरात नाण्याचीच चांदी रूपांतरित झालेली असते आणि अनेकदा अक्षरांचा उठावही त्या थरातच उरलेला असतो. थर काढला की खाली खड्डे पडलेला, ठिसूळ धातू हाती येतो. एका कलदाराचे वजन, थरासह, १०.९ ग्रॅम भरले, म्हणजे तो आधीच पाऊण ग्रॅमने हलका झालेला होता. भाऊजींनी सराफ्यात एका दुकानात विचारून पाहिले, तर तिथे तेजाबात बुडवून पाच मिनिटांत पांढरा करून देतो असे उत्तर मिळाले. तसे झाले असते तर रुपया पांढरा झाला असता आणि त्यावर राजा राहिला नसता.

स्वच्छ झालेले रुपये कडेला धरूनच हाताळले, कारण बोटांच्या घामातले मीठ पुन्हा तेच काम सुरू करते. प्रत्येक रुपया खळ न लावलेल्या, धुतलेल्या सुती कापडाच्या तुकड्यात गुंडाळून कागदी पाकिटात ठेवला. पाकिटे हवाबंद काचेच्या डब्यात, सोबत ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या. वर्तमानपत्र, लोकर, रबर, कापराच्या किंवा डांबराच्या गोळ्या यांपैकी काहीही जवळ ठेवायचे नाही हे काकूंना आवर्जून सांगितले. नाण्यांचे जे मऊ प्लास्टिकचे अल्बम स्वस्तात मिळतात तेही नकोत, कारण ते बहुधा पीव्हीसीचे असतात आणि जुने झाले की आम्लधर्मी वाफ सोडून नाण्यावर हिरवा चिकट थर आणतात.

काकूंची खरी चिंता पूजेची होती. लक्ष्मीपूजनाला रुपयांना पंचामृताचे स्नान घालायचे आणि वर हळदी-कुंकू वाहायचे, ही घरची रीत आहे. दही आणि मध आम्लधर्मी, कुंकू बारीक आणि ओल धरणारे. खळग्यांत राहिलेला एक कण वर्षभर ओला राहतो. हे मी त्यांना समजावले, पण रीत मोडा असे म्हणायला माझे मन धजले नाही. शेवटी त्यांनीच तोड काढली. स्नान आणि हळदी-कुंकू भाऊजींनी घासलेल्या चार रुपयांना घालायचे, बाकीचे कोरडेच तबकात मांडायचे आणि त्यांच्यापुढे कुंकू तबकाच्या काठावर वाहायचे.

एक बाब मला अनेकांनी विचारली म्हणून इथे सांगते. हा डबा घरचाच होता आणि तो कुठे होता हे माणसांना माहीत होते, त्यामुळे त्याच्या मालकीचा प्रश्न आला नाही. शेतात किंवा पडक्या वाड्याच्या भिंतीत अनोळखी नाणी सापडली तर गोष्ट निराळी. १८७८ च्या भारतीय निखात निधी अधिनियमानुसार दहा रुपयांहून अधिक किमतीचे असे धन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. अशी नाणी कळवण्याआधी घरी साफ करू नयेत, कारण त्यांवरची माती आणि थर हीदेखील अभ्यासकांना लागणारी माहिती असते.

२०२५ चा पावसाळा ही खरी परीक्षा होती. ऑगस्टअखेर मी डबा उघडून सगळी पाकिटे पाहिली. काळे रुपये जसेच्या तसे होते, राखाडी थराचे चारही स्थिर होते, गुलाबी डाग गुलाबीच होता. क्रमांक ९ च्या हालीवर मात्र, चारमिनारच्या उजव्या मिनाराच्या पायथ्याशी, टाचणीच्या डोक्याएवढा फिकट हिरवा ठिपका उठला होता. गडद टणक हिरव्यापेक्षा हा वेगळा असतो; काट्याने टेकले तर तो पिठासारखा सुटतो. तांब्याचा क्लोराइड आत कुठेतरी शिल्लक राहिला आणि दमट हवा मिळताच जागा झाला, असा त्याचा अर्थ. तेरा दिवस त्या रुपयाला कमी पडले होते. ठिपका काट्याने काढून तो पुन्हा शुद्ध पाण्यात ठेवला, आणि या वेळी रोजचा आकडा पाचच्या खाली सलग आठवडाभर राहिल्याशिवाय बाहेर काढायचा नाही असे ठरवले. त्यात आठवड्यांमागून आठवडे गेले. २०२५ च्या दिवाळीत काकूंनी तबकात तीस रुपये मांडले. एकतिसावा माझ्या स्वयंपाकघराच्या ओट्यावर बरणीत होता, आणि लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी पाणी बदलताना मीटरवर ७ आकडा होता.